भिंतीला ओल नाही, असं तुम्ही म्हणालात

अहो,

रविवारी तुमचं पुण्यानुमोदन पार पडलं. खाली पार्किंगमध्ये मंडप घातला होता, भन्तेजी आले होते, आणि माणसं इतकी जमली की सतरंज्या कमी पडल्या. तुमच्या पाटबंधारे खात्यातले जुने लोक आले, विहारातले आले, विश्रांतवाडीतले ते सगळे आले ज्यांच्याशी तुम्ही स्कूटर लावण्यावरून भांडला होतात. एकेक जण तुमच्याबद्दल इतकं गोड बोलला की मला मध्येच शंका आली, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या कार्यक्रमाला येऊन बसलो की काय. तुम्ही असतात तर ओठ दाबून हसला असतात आणि वर आल्यावर एकेकाची नक्कल करून दाखवली असतीत.

एक जण म्हणाले, "नाल्याकाठच्या पत्र्याच्या खोलीतून निघालेल्या या माणसाने आपल्या लेकराला पक्कं घर दिलं." त्या वेळी मी मान वर करून आपल्या पक्क्या घराकडे बघत होते. टेरेस बंद करून आपण काढलेली खोली खालून स्पष्ट दिसते. तिच्या भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत, काळा ओघळ उतरला आहे. पाऊस संपून दिवाळी होऊन गेली, तरी तो वाळलेला नाही. बाकीच्यांनी माना खाली घातल्या होत्या, त्यामुळे माझ्याशिवाय कुणी तो पाहिला नसावा.

मग सगळे गेले. तुमच्या वहिनी तेवढ्या गावी न जाता राहिल्या होत्या. आणि काल प्रज्ञाचा फोन आला. "आई, सातवा लागला की मी येते. मॅटर्निटी लीव्हपर्यंत वर्क फ्रॉम होम घेतलंय. आणि ऐक, मी पप्पांच्या खोलीतच झोपणार हं. बाळाला पण तिथेच ठेवायचं. माझं लहानपण त्याच खोलीत गेलं ना." मी हो म्हटलं. आपली एकुलती एक मुलगी, पहिलं बाळंतपण, बाप नुकताच गेलेला, आणि ती माहेरी येते म्हणतेय. कोणती आई नाही म्हणेल?

मला भीती वाटतेय. तुम्ही होतात तोवर मी तुमच्याशी भांडत होते, आणि भांडणाऱ्या माणसाला भीती वाटायला सवड नसते. आता भांडायला कुणी नाही, तर ती सबंध भीती एकटीच्या वाट्याला आली आहे.

ती खोली तुम्ही केवढ्या हौसेने काढलीत! दोन खोल्यांचा फ्लॅट, प्रज्ञा तिसरीत गेलेली, आणि तुम्हाला स्वप्न पडलेलं की पोरीला अभ्यासाला स्वतंत्र खोली हवी. तुम्ही स्वतः नाल्याकाठी, एका पत्र्याखाली सात माणसांत, पोत्यावर बसून दहावी केलीत. तिला टेबल हवं, दिवा हवा, दार हवं. मी म्हटलं होतं, टेरेसवर कपडे कुठे वाळत घालायचे? तुम्ही म्हणालात, "मास्तरीणबाई, कपड्यांपेक्षा पोरगी मोठी." बालवाडीत शिकवायचे म्हणून मला मास्तरीणबाई म्हणायचात, आणि मास्तरीणबाई म्हटलंत की विषय संपला असं मी समजायचे. विटांची भिंत उभी राहिली, सरकत्या काचा बसल्या, वर पत्रा घालून खाली पीओपी केलं. आपल्या झोपायच्या खोलीची खिडकी त्या दिवसापासून बाहेर न उघडता प्रज्ञाच्या खोलीत उघडू लागली. घरातून आरपार जाणारा वारा त्या दिवशी बंद झाला, हे आपल्यापैकी एकालाही उमगलं नाही. सगळी सोसायटी टेरेस बंद करत होती. उघडी ठेवणाऱ्याला लोक विचारायचे, पैसे नाहीत का?

पहिल्याच पावसाळ्यात जुना स्लॅब आणि नवी भिंत यांच्या सांध्यातून पाणी झिरपलं. तुम्ही सिमेंट भरलंत. दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा. आणि मग आपल्या घरची ती पद्धत पडली. एप्रिलात जयंतीच्या आधी घर रंगवायचं. आपल्याकडे कोण नाही रंगवत? नवे कपडे, दारात पंचशील ध्वज, घराला रंग, आणि खिरीचं पातेलं. तुम्ही सुट्टी काढून, डोक्याला रुमाल बांधून ती भिंत स्वतः खरवडायचात, पुट्टी लावायचात, दोन हात रंग द्यायचात. एप्रिलात पुण्यात काय ओलं असतं? भिंत हाताला गरम लागायची. तुम्ही तिच्यावर थाप मारून म्हणायचात, "बघ, खडखडीत. गेली ओल." जुलैत ती परत यायची. तुम्ही म्हणायचात, एप्रिल येऊ दे. वर्षानुवर्षं आपण ती भिंत तिच्या सगळ्यात कोरड्या आठवड्यात तपासली आणि तेवढ्यावर विश्वास ठेवला. धरणांच्या गळतीच्या फायली हाताळण्यात ज्याचं नोकरीचं आयुष्य गेलं, त्या माणसाला एक भिंत दर वर्षी फसवत होती. हे मी तुम्हाला तोंडावर म्हटलं होतं, आणि त्या दिवशी तुम्ही खीर खाल्ली नव्हतीत.

प्रज्ञाचा बाळदमा आठवतो ना? कसा विसराल म्हणा. श्रावण लागला की तिच्या छातीतून मांजरासारखा आवाज यायचा. तुम्ही तिला खांद्यावर घेऊन आळंदी रस्त्यापर्यंत चालायचात, कारण बाहेर गेली की तिला बरं वाटायचं. बाहेर गेली की बरं वाटतं, हे आपण दोघं आपल्या डोळ्यांनी पाहत होतो आणि त्याचा अर्थ लावत नव्हतो. वाफारा, ओव्याची पुरचुंडी, नेब्युलायझर, सगळं त्याच खोलीत. थंड हवा लागू नये म्हणून काचा घट्ट लावलेल्या. पुढे ती शिकायला कर्वेनगरच्या हॉस्टेलवर गेली. त्या पावसाळ्यात तिला साधा खोकलाही आला नाही. मी तुम्हाला म्हटलं, "बघा, घर सोडलं आणि दमा गेला." तुम्ही म्हणालात, "वय वाढलं की जातोच तो." मग ती खोली रिकामी झाली आणि तुम्ही आपली पुस्तकं, आपली खुर्ची, आपली कॉट तिथे नेलीत.

वर्षावासातलं वाचनही तिथेच व्हायचं. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी शेजारपाजारची पाच-दहा माणसं बसायची आणि तुम्ही धम्मग्रंथ वाचायचात. तुमचा आवाज काय होता! बायका निवडायची भाजी घेऊन यायच्या आणि निवडायचं विसरून जायच्या. ज्या वर्षी तुम्हाला पान संपेपर्यंत मध्ये तीनदा थांबावं लागलं, त्या वर्षी मी पहिल्यांदा घाबरले. तुम्ही चष्मा पुसण्याचं निमित्त करायचात. ऐकणाऱ्यांना वाटायचं, मजकूर असा की साहेबांचा कंठ दाटून येतो. मला माहीत होतं, तुमचा श्वास पुरत नव्हता.

आणि मग ते डॉक्टर. तरुण होते, पण सगळं ऐकून घेणारे. तुमच्या छातीचा फोटो उजेडात धरून म्हणाले, फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत. तंबाखू विचारली, सिगारेट विचारली, नोकरी विचारली. तुम्ही प्रत्येक प्रश्नाला ताठ मानेने नाही म्हणालात, ते सगळं खरंच होतं. मग त्यांनी विचारलं, "काका, घरात ओल आहे का? भिंतीवर बुरशी? कबुतरं?" तुम्ही म्हणालात, "नाही. स्लॅबचं घर आहे आमचं." मी म्हटलं, "आहे हो डॉक्टर. ज्या खोलीत हे झोपतात तिथेच आहे."

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी चारचौघांत तुमच्या तोंडात मारली. डॉक्टर म्हणाले, घर हेच एकमेव कारण आहे असं मी म्हणणार नाही, पण अशा हवेत औषधाला काम करणं कठीण होतं, खोली बदला. तुम्ही फाईल बंद केलीत. रिक्षात बसल्यावर म्हणालात, "घराची अब्रू दवाखान्यात काढलीस." मी म्हटलं, "अब्रूला घेऊन काय करू? मला नवरा हवाय." रिक्षावाल्याने आरशातून एकदा बघितलं आणि बिचाऱ्याने गाणं लावलं.

त्या वादाला शेवट झालाच नाही. मला तेव्हा तुमचा राग आला होता, आज थोडं कळतंय. तुम्ही ओल बघितली होती ती नाल्याची. पाऊस आला की घरात शिरणारी, रात्रभर उभं ठेवणारी, वास मारणारी. तुमच्या लेखी ओल म्हणजे ती. तिथून तुम्ही निघालात, परीक्षा दिल्यात, नोकरी मिळवलीत, ओबडधोबड का होईना, चार भिंतींवर आपलं नाव लावलंत. आता कुणी परका डॉक्टर विचारतो, ओल आहे का, तर तुम्हाला ऐकू आलं की तुम्ही निघालातच नाहीत. मला हे कळतं. पण अहो, तुमचा तो पत्रा फटींनी भरलेला होता, वारा इकडून तिकडे जायचा. इथे आपण सगळ्या फटी बुजवल्या आणि पाणी आतच ठेवलं.

काल फोन झाल्यावर मी त्या खोलीत गेले. तुमची कॉट भिंतीपासून ओढली, मग पुस्तकांचं कपाट ओढलं. तुमच्या वहिनी आल्या मदतीला. कपाटामागे भिंत नव्हतीच, काळी मऊ लव होती, हाताएवढ्या गोल गोल चकत्यांत पसरलेली, आणि पुट्टीचे फुगे. मी बोट लावलं तर फुगा फुटला आणि आतून पाणी आलं. नोव्हेंबरात! कपाटाची मागची फळी कुजून हातात आली. तो वास मला ओळखीचा वाटला. तुम्ही आजारी असताना तुमच्या उशीला, शालीला, केसांना तोच वास येत होता आणि मी त्याला औषधांचा वास समजत होते. मला तिथे उभं राहवेना. मी तोंडाला पदर लावून हॉलमध्ये येऊन बसले.

वहिनी मागून आल्या आणि म्हणाल्या, "त्यात काय एवढं? पावसाळ्यात भिताडं अशीच हुत्यात. चुना मार. पोरगी पहिलटकरीण हाय, म्हायेरला न्हाई येनार तर कुठं जाईल?"

मी म्हटलं, "वहिनी, तिला लहानपणी काय व्हायचं, तुम्ही बघितलंय."

"मग काय झालं? जगली न्हवं? बाळंतिणीची खोली तर अशीच बंद पायजे. वारा लागाया नको. शेगडी ठेवू, ओवा टाकू, धुरी दिऊ. भिताड बी वाळंल."

त्या हे प्रेमानेच बोलत होत्या. त्यांनी गावाकडे किती बाळंतपणं केली असतील कोण जाणे. पण मी ते सगळं डोळ्यांसमोर आणलं. त्या लवेच्या भिंतीला टेकून पाळणा, काचा बंद, कोळशाची शेगडी, ओव्याचा धूर, आणि त्यात ज्याची फुप्फुसं बाहेरच्या हवेला नुकती कुठे सरावतायत असा जीव. बालवाडीत मी आयुष्यभर लहान मुलं सांभाळली. पोरगं पेंगतंय का गुदमरतंय हे मला दारातून कळतं. मला त्या न आलेल्या बाळाचा श्वास ऐकू येऊ लागला. मी खरंच सांगते, तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा मला एवढी भीती वाटली नव्हती. तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

रंग देऊ? आता देता येणार नाही, भिंत ओली आहे. एप्रिलपर्यंत थांबू? बाळ फेब्रुवारीत येणार. पाडून टाकू? माणसं, राडारोडा, धूळ, सोसायटीची परवानगी, आणि तुमची पुस्तकं. रात्रभर डोकं हेच करत होतं. शेवटी एकच वाक्य उरलं, आणि ते मला म्हणायचं होतं: माहेरी येऊ नकोस. वडील गेल्यावर महिनासुद्धा झाला नाही आणि आई पोटुशा मुलीला म्हणते, येऊ नकोस. तिच्या सासरचे काय म्हणतील, वहिनी काय म्हणतील, ते जाऊ द्या. तिला काय वाटेल? तिचं माहेरचं एकच माणूस उरलंय आणि ते दार लावतंय.

आज सकाळी ती स्वतःच आली. आपल्या जावयाने, नितीनने, गाडीतून आणून सोडलं आणि तो वहिनींना घेऊन स्टँडवर गेला, त्यांची गावची गाडी होती. प्रज्ञाचा चेहरा भरलाय, चालताना कमरेवर हात ठेवते. आली ती चपला काढून सरळ तुमच्या खोलीकडे निघाली. मी आडवी गेले. अहो, मी अक्षरशः दारात दोन्ही हात पसरून उभी राहिले.

"आई, हे काय?"

"आत जाऊ नकोस."

"का? पप्पांचं सामान बघायचंय मला."

"मी इथे आणून देते. तू हॉलमध्ये बस."

ती हसली. "आई, प्लीज. किती ओव्हररिअ‍ॅक्ट करतेस."

आणि मग मी सगळं बोलून टाकलं, तेही कसं, तर ओरडून. की भिंत सडली आहे, कपाट सडलं आहे, तुझा दमा याच खोलीतला होता, तुझ्या पप्पांना हीच हवा भोवली, आणि तू बाळाला घेऊन इथे येऊ नकोस, मी मेले तरी येऊ नकोस. शेवटचं म्हणायला नको होतं. ती खुर्चीवर बसली, पोटावर हात ठेवून, आणि मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही.

"झालं बोलून?"

"झालं."

"मग बस. आणि चिडू नकोस. पप्पांनी मला सांगितलं होतं."

"काय?"

"हेच. हॉस्पिटलमध्ये, तू खाली औषधं आणायला गेली होतीस तेव्हा. त्यांनी मास्क बाजूला केला, मी रागावले तरी ऐकेनात. म्हणाले, 'बाळाला त्या खोलीत आणायचं नाही. तुझ्या आईचं बरोबर होतं. पण तिला सांगू नकोस, डोक्यावर बसेल.'"

अहो, मी हसले. तुमच्या आवाजात ऐकू आलं मला ते. हसता हसता माझा तोल गेला आणि मग मी इतकी रडले की तिने उठून मला पाणी दिलं, जे खरं तर मी तिला द्यायला हवं होतं.

सावरल्यावर मी विचारलं, "मग तू येते येते म्हणून कशाला मागे लागली होतीस?"

"कारण तू इथे आहेस, आई. मी किती वेळा म्हटलं, हिंजवडीला माझ्याकडे ये. तू म्हणतेस, घर सोडून कुठे येऊ. मला वाटलं, मी सामान घेऊन इथे येऊन बसले ना, तर तूच मला हाताला धरून बाहेर काढशील. आणि मागोमाग तू पण येशील. स्वतःसाठी तू निघणार नाहीस, मला माहितीये." मग हळूच म्हणाली, "त्या खोलीत झोपणार, असं मुद्दाम म्हटलं. तू घाबरावीस म्हणून."

किती तुमची मुलगी आहे ती! मी तिला चांगली चापट मारली असती, पण सातवा महिना लागतोय.

आता मला तुमच्याशी बोलायचंय. तुम्हाला कळलं होतं. कधी कळलं? दवाखान्यात, की आधीच? आधी कळलं असेल तर त्या खोलीतून हललात का नाही? मी किती विनवलं, हॉलमध्ये दिवाण टाकते म्हटलं. तुम्ही म्हणालात, खोकल्याने तुझी झोप मोडेल, मी इथेच बरा. मी चहा घेऊन आत आले की म्हणायचात, "इथे बसू नकोस, गारव्याने गुडघे धरतील तुझे." आणि दार लावून घ्यायचात. झोपायच्या खोलीची ती आत उघडणारी खिडकीही तुम्ही खिळे ठोकून बंद केलीत. मी रुसायचे. मला वाटायचं, खोकल्याची लाज वाटते, माणूसघाणे झालात. प्रज्ञा बोलल्यापासून मी त्या बंद दाराचाच विचार करतेय. घरात दुसरी खोली होती, पण दुसऱ्या खोलीत मी होते. तुम्ही हललात तर त्या खोलीत काहीतरी आहे हे तुम्हाला मान्य करावं लागलं असतं, आणि दार उघडं ठेवलंत तर ते माझ्याकडे आलं असतं. म्हणून दोन्ही केलं नाहीत. तोंडाने ओल मान्य केली नाहीत, आणि सगळी अंगावर घेतलीत. असा कुणी बायकोला वाद जिंकू देतं का?

मला नको होता तो वाद जिंकायला. तुम्ही दर एप्रिलात भिंतीवर थाप मारत राहिला असतात आणि मी दर जुलैत टोमणे मारत राहिले असते, तरी माझी तक्रार नव्हती. हे खोटं आहे, तक्रार होती. पण तुम्ही असायला हवे होतात. त्या घरासाठी तुम्ही काय काय सोडलंत ते मला माहीत आहे. न घेतलेले कपडे, न केलेल्या सहली, दुरुस्त करून करून वापरलेली ती स्कूटर. प्रज्ञा त्या टेबलाशी बसून शिकली आणि आज तिच्या नावाने ऑफिसात केबिन आहे, हेही त्याच खोलीतून झालं. ज्या खोलीने तिला घडवलं त्याच खोलीने तिचा श्वास कोंडला. यातलं कोणतं खरं धरू? मला दोन्हींबद्दल तुमचे उपकार मानायचे आहेत आणि दोन्हींबद्दल भांडायचं आहे.

मी प्रज्ञाकडे जायचं ठरलं हे कळून दुपारी भाऊजींचा फोन आला. म्हणाले, "वहिनी, जाताय तर घर भाड्याने द्या. एक हात रंग मारून घ्या, कुणाला कळतंय? आजकाल तिकडे आयटीची पोरं लगेच घेतात, लहान लेकरंवालीसुद्धा." मी नाही म्हटलं. कारण सांगत बसले नाही. आधी ती भिंत पाडायची, पत्रा काढायचा, टेरेस होती तशी उघडी करायची, मग बघू. तुमच्या हातची खोली आहे ती. पाडताना मी तिथे उभी राहणार नाही, तेवढं मला जमायचं नाही.

उद्या मी प्रज्ञाबरोबर जातेय. लेकीच्या घरी जाऊन बाळंतपण करणारी आई म्हणून नातेवाईक चार दिवस बोलतील, त्यांना बोलू द्या. मला काळजी वेगळीच आहे. तिचं घर अकराव्या मजल्यावर, नवंकोरं, काचांचं, आणि ते खालून कसं दिसतं हे मी अजून नीट पाहिलेलं नाही. प्रज्ञाच्या छातीत काय राहिलंय, तिने लेकराला काय दिलं असेल, मला ठाऊक नाही. माझ्या स्वतःच्या छातीत काय आहे तेही ठाऊक नाही. मंगळवारी त्याच डॉक्टरांकडे जाऊन फोटो काढून घेणार आहे, आणि ते जे विचारतील त्याचं खरं उत्तर देणार आहे. बाळ आलं की मी त्याच्या छातीला कान लावून बसेन. त्याने शिंक दिली तरी उठेन, खिडक्या उघडेन, बिछाना हलवेन, सगळ्यांना वैताग देईन. नितीन म्हणेल, आई फार घाबरट आहेत. आहेच मी घाबरट. आपल्या घरात कुणीतरी वेळेवर घाबरायला हवं होतं.